सोळा टनांचा हिशेब

आज मी तुमच्यापुढे एका अमेरिकन गाण्याचा हिशेब मांडणार आहे. हिशेब म्हणतो, कारण ते गाणेच मुळी हिशेबाचे आहे. नाव ‘सिक्स्टीन टन्स’, म्हणजे सोळा टन. कशाचे? कोळशाचे. अमेरिकन टन आपल्यापेक्षा थोडा लहान. तरी सोळा टन म्हणजे साडेचौदा हजार किलो झाले, आपल्या जुन्या मापाने जवळजवळ ३९० मण! एवढा कोळसा फावड्याने भरायचा, आणि पदरात काय? आणखी थोडे कर्ज.

शिक्षक बंधू-भगिनींनी वर्गात नकाशा काढला तर केंटकी नावाचे राज्य दाखवावे. तिथल्या म्यूलेनबर्ग परगण्यात १९१७ साली मर्ल ट्रॅव्हिस जन्मला. बाप आधी तंबाखूची शेती करी, मग खाणीत गेला. त्या काळी पुष्कळ खाणींवर घर कंपनीचे, डॉक्टर कंपनीचा आणि दुकानही कंपनीचेच. मजुरी भरलेल्या टनावर मिळे. तीतून घरभाडे कापायचे, डॉक्टरचे कापायचे, सुरुंगाच्या दारूचे पैसेसुद्धा मजुराच्याच खात्यावर! पगाराआधी उचल हवी असेल तर कंपनी आपली स्वतःची नाणी द्यायची. त्यांना ‘स्क्रिप’ म्हणत. हे नाणे चालायचे ते कंपनीच्या दुकानात. बाहेर कुणी घेतलेच तर किंमत पाडून घेई. दुकानात भाव बहुधा चढे. सावकाराची वही ज्यांच्या घरात नांदली आहे त्यांना मी यापुढे काही समजावून सांगायला नको. ट्रॅव्हिसचा बाप म्हणे, की आपल्याला मरणेदेखील परवडायचे नाही, जीवच दुकानाकडे गहाण पडलाय.

ट्रॅव्हिस मात्र खाणीत उतरला नाही. तो गिटार वाजवू लागला, आणि असा वाजवू लागला की आजही गिटारवादक त्याच्या नावाची बोटांची पद्धत शिकतात. १९४६ साली कॅपिटल या ध्वनिमुद्रिका कंपनीने त्याच्याकडे लोकगीते मागितली. तो म्हणाला, मला येत नाहीत. मग लिही, असे उत्तर आले! आता, लोकगीत का कुठे फर्माईश करून लिहिता येते? पण त्याला बापाचे बोलणे आठवले, भावाच्या पत्रातले एक वाक्य आठवले, आणि ती दोन्ही त्याने गाण्यात जवळजवळ जशीच्या तशी बसवली. १९४७ साली त्या तबकड्या बाजारात आल्या. खप बेताचाच झाला.

इथे दुसरा हिशेब येतो, लोकप्रियतेचा. ‘बिनाका गीतमाले’च्या पायऱ्या ज्यांनी मोजल्या आहेत त्यांना ही गोष्ट नवी नाही. अमेरिकेत ‘बिलबोर्ड’ नावाचे नियतकालिक आहे. १८९४ साली ते निघाले ते भिंतीवर जाहिराती चिकटवणाऱ्या धंद्यासाठी. जुलै १९४० पासून त्याने देशभरातल्या तबकड्यांच्या खपाची क्रमवार यादी छापायला सुरुवात केली. पुढे याद्या वाढल्या. दुकानात काय खपले, रेडिओवर काय वाजले, आणि हॉटेलातल्या नाणे टाकून वाजवायच्या पेटीत लोकांनी काय लावले, यांच्या याद्या वेगळ्या. एवढेच नव्हे, गोऱ्यांची शहरी गाणी एका यादीत, डोंगराळ मुलखातल्यांची दुसऱ्या, आणि काळ्या लोकांची तिसऱ्या. त्या तिसऱ्या यादीला १९४९ पर्यंत ‘रेस रेकॉर्ड्स’, म्हणजे चक्क ‘वंशाच्या तबकड्या’, असे नाव होते. आकडे निःपक्षपाती असतात म्हणतात. रकाने कोण आखतो तेही पाहावे.

१९५५ साली टेनेसी अर्नी फोर्ड या गायकाने हे गाणे पुन्हा मुद्रित केले. तालमीत वादकांना लय द्यावी म्हणून तो चुटक्या वाजवत होता. निर्माता म्हणाला, राहू देत त्या. मला विचाराल तर अर्धे गाणे त्या चुटक्यांतच आहे. फोर्डचा आवाज खर्जातला, मागे सनई जातीचे एक विलायती वाद्य, आणि रडगाण्याचा मागमूस नाही. कंपनीचा भरवसा मात्र दुसऱ्याच गाण्यावर होता. हे तबकडीच्या पाठीमागच्या बाजूला घातले होते. रेडिओवाल्यांनी तबकडी उलटली! १७ ऑक्टोबरला ती बाजारात आली आणि १० नोव्हेंबरपर्यंत तिच्या दहा लाख प्रती खपल्या. डोंगरी गाण्यांच्या यादीत ते दहा आठवडे पहिले राहिले, शहरी यादीतही पहिले झाले, आणि जानेवारी १९५६ मध्ये इंग्लंडातही. रकान्यांची कुंपणे ओलांडून गेलेच की नाही!

पुढे ऑगस्ट १९५८ मध्ये ‘बिलबोर्ड’ने शंभर गाण्यांची एकच मुख्य यादी सुरू केली. पण खपाचे आकडे दुकानदार सांगतील ते धरावे लागत. १९९१ पासून प्रत्यक्ष विक्रीची यंत्रावर नोंद होऊ लागली, तेव्हा कुठे त्या तोंडी हिशेबाला लगाम बसला. आता तर इंटरनेटवर किती वेळा ऐकले तेही मोजतात.

कंपनीची दुकाने हळूहळू बंद झाली. मजुराकडे मोटार आली आणि त्याला दुसऱ्या गावचा बाजार जवळ झाला, हे त्याचे एक मोठे कारण. ती स्क्रिपची नाणी आज हौशी लोक संग्रहासाठी विकत घेतात, खऱ्या डॉलरांत! ट्रॅव्हिस १९८३ साली वारला. म्यूलेनबर्ग परगण्यात लोकांनी त्याचे एक स्मारक त्याच्या हयातीतच उभारले होते. त्याची रक्षा त्या स्मारकाभोवती विखुरण्यात आली.