खात्यात आलेले पैसे आणि जुनी थकबाकी

इंदूर, बेळगाव, सुरत, हैदराबाद, तुम्ही कुठूनही ऐकत असाल, आजचा प्रश्न सगळीकडे सारखाच आहे. योजनेचे पैसे जमा झाल्याचा मेसेज येतो, माणूस पासबुक घेऊन बँकेत जातो आणि काउंटरवरून उत्तर मिळतं, "काका, खात्याला होल्ड आहे. जुनं कर्ज दिसतंय."

हे कर्ज कधीचं? पुष्कळदा वीस-पंचवीस वर्षांपूर्वीचं. सरकारी योजनेतून म्हैस घेतली, शिलाई मशीन घेतलं, दुकान टाकलं. म्हैस मेली, दुकान चाललं नाही, हप्ते थांबले. मग कोणीतरी सांगितलं की सरकारनं माफ केलं, आणि घरच्यांनी ते खरं धरलं. इथे एक गोष्ट स्पष्ट करतो. एकात्मिक ग्रामीण विकास योजना 1980 पासून देशभर होती, 1999 मध्ये ती दुसऱ्या योजनेत विलीन झाली. तिच्यात सरकारचं होतं ते अनुदान. कर्ज बँकेचं होतं. लोक त्याला आजही 'सरकारी कर्ज' म्हणतात. पण योजना बंद झाली म्हणून बँकेच्या वहीतली बाकी पुसली जात नाही. माफीच्या यादीत तुमचं नाव होतं का, हे वेगळं तपासावं लागतं.

आपल्या आजोबांच्या काळी तगाई असायची. ती खरोखरच सरकारनं दिलेली, 1884 च्या कायद्याखाली. वसुली जमीन महसुलासारखी. पण वसुलीला कोणीतरी दारात यायचं, नोटीस द्यायचं, चार लोकांसमोर बोलणं व्हायचं. आता पेन्शन, किसान सन्मानचे 2000, रोजगार हमीची मजुरी, सगळं थेट खात्यात येतं. सोय मोठी आहे, मी तिच्या विरोधात नाही. पण ज्याचं देणं आहे त्याच्याच हातातून आपले पैसे जाऊ लागले. त्याला दारात यायची गरजच उरली नाही.

याचं सगळ्यात ठळक उदाहरण केरळचं. 30 जुलै 2024 ला वायनाडमध्ये दरड कोसळली. वाचलेल्यांना राज्य सरकारनं तातडीची मदत म्हणून 10,000 रुपये दिले. ते खात्यात पडले आणि तिथल्या ग्रामीण बँकेनं काही जणांचे कर्जाचे हप्ते त्यातून वळते करून घेतले. घर गेलेलं, माणसं गेलेली, आणि हप्ता मात्र वेळेवर! लोक बँकेसमोर जमले, मुख्यमंत्र्यांनी बँकर्सच्या बैठकीत खडसावलं, बँकेला पैसे परत करावे लागले. उच्च न्यायालयानं तेव्हा जे म्हटलं ते महत्त्वाचं आहे: ठरावीक कामासाठी लाभार्थ्याला दिलेली रक्कम बँकेकडे विश्वस्त म्हणून असते, ती बँकेला आपल्या येण्यापोटी घेता येत नाही.

त्याच सुमारास महाराष्ट्रात लाडकी बहीणचे पहिले दोन हप्ते, 3000 रुपये, जमा झाले आणि तिथेही हीच तक्रार आली. ते पैसे कर्जापोटी कापू नका, असं सरकारला बँकांना सांगावं लागलं.

बँका आधार सांगतात तो करार कायद्याच्या कलम 171 चा. ग्राहकाचं जे आपल्या हाती आहे ते येणं फिटेपर्यंत धरून ठेवण्याचा हक्क. हक्क आहे, पण त्याला कुंपणं आहेत. नवऱ्याच्या कर्जापोटी बायकोच्या स्वतंत्र खात्यातले पैसे घेता येत नाहीत. ती सहकर्जदार किंवा जामीनदार असेल तर गोष्ट वेगळी. दुसरं, दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 60 प्रमाणे मजुरांची मजुरी आणि सरकारी निवृत्तिवेतन यांवर कोर्टालासुद्धा जप्ती आणता येत नाही. राधेश्याम गुप्ता विरुद्ध पंजाब नॅशनल बँक या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं 2008 साली सांगितलं की पेन्शन आणि ग्रॅच्युइटी बँकेत ठेवली म्हणून तिचं रूप बदलत नाही. मग जे कोर्टाला करता येत नाही ते शाखेनं एक बटण दाबून करावं, हे कसं? मला तरी हे पटत नाही.

आता 'जुनं' या शब्दाकडे येऊ. साध्या कर्जाच्या दाव्याची मुदत तीन वर्षं, गहाण असेल तर बारा. मुदत संपली की कर्ज नाहीसं होत नाही, कोर्टाचा रस्ता बंद होतो. केरळच्याच एका खटल्यात 1999 साली सर्वोच्च न्यायालयानं असंही ठरवलं की मुदतबाह्य कर्ज महसुली वसुलीच्या कायद्यानं वसूल करता येत नाही.

म्हणूनच काउंटरवर पुढे सरकवल्या जाणाऱ्या कागदापासून सावध राहा. "इथे सही करा, होल्ड काढतो." त्या कागदावर 'मी हे कर्ज फेडीन' असं लिहिलेलं असेल तर करार कायद्याच्या कलम 25 प्रमाणे मेलेलं कर्ज पुन्हा जिवंत होतं. अंगठा देण्याआधी नातवाकडून वाचून घ्या, फोटो काढा.

त्याऐवजी आपणच एक अर्ज द्या. कोणतं कर्ज, कोणत्या तारखेचं, मुद्दल किती, व्याज किती, कोणत्या नियमानं होल्ड लावला, याचं लेखी उत्तर मागा आणि अर्जाच्या प्रतीवर शिक्का घ्या. तोंडी भांडणाचा पुरावा राहत नाही. 30 दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करता येते, तिला फी नाही.

आणखी एक साधी गोष्ट. आधारवरून येणारे पैसे शेवटी आधार जोडलेल्या खात्यात जातात. दुसऱ्या बँकेत किंवा पोस्टाच्या पेमेंट्स बँकेत खातं उघडून आधार तिकडे जोडला, तर पुढचा हप्ता तिथे येईल. यात काही बेकायदा नाही. देणं देणंच राहतं, पण घरात आधी औषध आणायचं की हप्ता भरायचा, हे तुम्ही ठरवाल.

फेडायची इच्छा असेल, आणि बहुतेकांची असते, तर एकरकमी तडजोडीबद्दल विचारा. जुन्या थकबाकीत बँका व्याजात बरीच सूट देतात. ठरलेली रक्कम आधी लेखी घ्या, मग पैसे भरा, आणि 'नो ड्यूज' दाखला घेतल्याशिवाय शाखेतून उठू नका. तो दाखला पासबुकात ठेवू नका. पासबुक भरलं की नवं मिळतं, आणि जुनं रद्दीत जातं.