वर्गातील वाद आणि पूर्वपक्षाची वही

(विसरवाडी, ता. नवापूर येथे शिक्षकांसमोर झालेल्या भाषणाचा संपादित भाग)



शाळेत वादविवाद स्पर्धा जाहीर झाली की पुढे काय घडते, हे सर्वांच्या परिचयाचे आहे. गुरुजी दोन भाषणे लिहून देतात, एक अनुकूल आणि एक प्रतिकूल. विद्यार्थी ती घोकतात, म्हणून दाखवतात आणि टाळ्या घेऊन खाली बसतात. समोरचा काय बोलला, हे दोघांपैकी एकाच्याही कानी पडलेले नसते. महाराष्ट्राला वक्तृत्वाचे कौतुक मोठे. न्यायमूर्ती रानड्यांच्या पुढाकाराने १८७५ मध्ये सुरू झालेली पुण्याची वसंत व्याख्यानमाला आजही भरते. ऐकण्याचे कौतुक मात्र त्या मानाने झालेच नाही.

गौतमांच्या न्यायसूत्रांत चर्चेचे तीन प्रकार आहेत. तत्त्वनिर्णयासाठी होतो तो वाद, केवळ विजयासाठी होतो तो जल्प, आणि स्वतःचा पक्षच न मांडता दुसऱ्याचे खंडन करीत राहणे ही वितंडा. दूरचित्रवाणीवर रोज रात्री जे चालते ते यांपैकी कोणते, असे मुलांना विचारून पाहावे. उत्तर बहुधा अचूक येईल.

तयारीसाठी विषय इथल्या मातीतला घ्यावा : ‘मोठी धरणे लोकहिताची आहेत.’ तापीवरील उकाई धरण १९७२ मध्ये पूर्ण झाले आणि त्याच्या जलाशयात नवापूर तालुक्यातील जमीनही गेली. सरदार सरोवरामुळे याच जिल्ह्यातील अक्कलकुवा व धडगाव भागातील ३३ गावे बाधित झाली. या विषयावर बोलणाऱ्या मुलाच्या घरात कदाचित एक विस्थापित आजोबा असतील.

पहिले आठ दिवस भाषण लिहूच देऊ नये. वहीच्या पानावर मधोमध रेघ मारून डावीकडे पूर्वपक्ष, म्हणजे विरुद्ध बाजूचे म्हणणे, लिहावयास सांगावे. तेही इतके प्रामाणिकपणे की प्रतिपक्षाने वाचून ‘मला हेच म्हणावयाचे होते’ असे कबूल करावे. कोणी कोणत्या बाजूने बोलावयाचे, याची चिठ्ठी स्पर्धेच्या दिवशीच काढावी. आजोबांची जमीन गेलेल्या मुलालाही धरणाची बाजू मांडता आली पाहिजे. हे निष्ठुर वाटेल, पण विरोध ज्याला पुढे खरोखर करावयाचा आहे, त्यालाच याची गरज अधिक.

मग युक्तिवाद तपासावा. धरणे लोकहिताची आहेत, ही प्रतिज्ञा. कारण त्यांनी सिंचन वाढते, हा हेतू. उकाई-काकरापारच्या कालव्यांनी दक्षिण गुजरातची शेती भिजते, हे उदाहरण. येथवर सारे ठीक दिसते. आता कोणी उठून विचारील, ‘भिजली कोणाची शेती आणि बुडाली कोणाची?’ हेतू आणि प्रतिज्ञा यांच्यामधली फट इथे उघडी पडते. ‘लोक’ म्हणजे कोण, हे आधी ठरविल्यावाचून पुढे जाता येत नाही. उलट बाजूलाही सुटका नाही. नर्मदा लवादाच्या १९७९ च्या निवाड्याने सरदार सरोवराच्या विजेतला २७ टक्के वाटा महाराष्ट्राला दिला. ज्या दिव्याखाली विरोधाचे भाषण लिहिले जाते, त्या दिव्याचे काय, याचे उत्तर त्यांच्याकडे हवे. पूरनियंत्रणाच्या मुद्द्यावर २००६ चा सुरतचा महापूर दोन्ही बाजूंना अभ्यासावा लागेल.

पुरावा केवळ पुस्तकात शोधू नये. न्यायदर्शन आप्तवचनाला प्रमाण मानते. आप्त म्हणजे ज्याने गोष्ट प्रत्यक्ष जाणली आणि जी जशी आहे तशीच सांगण्याची ज्याची इच्छा आहे तो. हे लक्षण सर्व मानवसमूहांना समान आहे, असे वात्स्यायनांचे भाष्य सांगते. तेव्हा मावची बोलणाऱ्या आजोबांची साक्ष अहवालापेक्षा हलकी ठरत नाही. मात्र ती त्यांनी जे पाहिले त्यापुरती. साऱ्या खोऱ्याचा हिशेब त्यांच्याकडे मागू नये. ती साक्ष मुलाने घरच्या बोलीतच ऐकावी, बोलीतच टिपावी आणि नंतर मराठीत आणावी. प्रमाण मराठीच्या धास्तीने मागच्या बाकावर गप्प बसणारी कितीतरी मुले या एका पायरीने उभी राहतील.

गुणदानाची पद्धतही बदलावी लागेल. आवाज आणि आविर्भाव यांना थोडेच गुण ठेवावेत. उत्तर देण्यापूर्वी समोरच्याचा मुद्दा स्वतःच्या शब्दांत बिनचूक सांगणाऱ्याला सर्वाधिक गुण द्यावेत, आणि तो बिनचूक सांगितला की नाही, हे परीक्षकांनी त्या समोरच्यालाच विचारावे.