पाहिले की ऐकले?

(पालक-मेळाव्यात मुख्याध्यापिकांनी केलेले भाषण)



नववीतल्या एका विद्यार्थिनीच्या आग्रहावरून मी होली जॅक्सन यांची ‘अ गुड गर्ल्स गाइड टु मर्डर’ ही २०१९ साली प्रसिद्ध झालेली इंग्रजी कुमार-कादंबरी वाचली. इंग्लंडमधील एका छोट्या, काल्पनिक गावातून अँडी ही शाळकरी मुलगी नाहीशी होते. तिचा मित्र सल सिंग रानात मृतावस्थेत सापडतो आणि त्यानेच तिला मारले, असे गाव ठरवून टाकते. अँडीचा देह मिळालेला नाही, खटला चाललेला नाही. तरी निकाल लागलेला असतो. शिक्षा भोगते ते भारतीय वंशाचे सिंग कुटुंब. पाच वर्षांनी पिप ही विद्यार्थिनी शालेय प्रकल्पासाठी हेच प्रकरण निवडते, कारण तिला आठवणारा सल प्रेमळ होता.

गावाने सलवर शिक्का मारला, तसा अँडीचाही एक साचा घडवला: देखणी, सर्वांची लाडकी. खरी अँडी त्या साच्यात मावणारी नव्हती. साच्यातली मुलगी शोधून खरी मुलगी कशी सापडणार?

हे पुस्तक मला बोचले, त्याला कारण आहे. काही वर्षांपूर्वी आमची एक विद्यार्थिनी सायंकाळी घरी पोहोचली नाही. दोन तासांत ‘ध’चा ‘मा’ झाला. ती पळून गेल्याची कथा कर्णोपकर्णी पसरली, कथेत एक मुलगाही आला. गणिताचे गुण घरी सांगण्याच्या भीतीने ती मावशीकडे जाऊन बसली होती. रात्री ती सुखरूप परतली. कथा मात्र परतली नाही. पुढच्या सत्रात तिने शाळा सोडली. शिक्षकखोलीत ती कथा रंगली असता मी गप्प होते. ते मौन हा माझा अपराध होय.

परप्रांतातील आपल्या लहानशा मराठी समाजात प्रत्येक जण प्रत्येकाला ओळखतो. हे आपले बळ आहे आणि धोकाही. मूल हरवले, तर आधी पोलीस ठाणे गाठा, १०९८ या बाल मदतवाहिनीला कळवा. तर्क करत बसू नका. आणि कोणी कानाशी लागले, तर एकच विचारा: “आपण पाहिलेत, की ऐकलेत?”

हीरक महोत्सवी वर्षात शाळेला एवढीच भेट द्यावी, ही विनंती.