डॉक्टर, एक विचारू?

कॅन्सरचे डॉक्टर रुग्णाची भूक विचारतात, झोप विचारतात, पोट साफ होतं का तेही विचारतात. नवरा-बायकोच्या संबंधांविषयी मात्र बहुधा विचारत नाहीत. त्यांना वाटतं, त्रास असता तर रुग्ण बोलला असता. रुग्णाला वाटतं, विचारण्यासारखं असतं तर डॉक्टरांनीच विचारलं असतं!

श्रोतेहो, ही कोंडी डॉक्टरांनीच फोडायची आणि ते शिकवता येतं. कोल्हापुरात डॉक्टर-परिचारिकांचे असे वर्ग घेताना पहिली अडचण येते शब्दांची. र. धों. कर्व्यांनी १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’मधून हा विषय मराठीत मांडला, पण ‘लैंगिक आरोग्य’ म्हटलं, की गगनबावड्याहून आलेली बाई नुसती बघत राहते. म्हणून एक परिचारिका रुग्ण होते आणि डॉक्टर तिला विचारतात, ‘या उपचारानंतर पुष्कळ बायकांना मालकांजवळ जाताना त्रास होतो. तुम्हाला काही विचारायचंय?’ पहिल्यांदा सगळे हसतात. चौथ्यांदा वाक्य सरळ येतं. ‘पुष्कळ बायकांना’ म्हटल्यानं तिला एकटं वाटत नाही. सोबतच्या सासूबाईंना आधी बाहेर बसवायचं, हेही शिकवावं लागतं.

जॅक ॲनन या मानसशास्त्रज्ञानं १९७६ मध्ये चार पायऱ्या मांडल्या : बोलायची मोकळीक, मोजकी माहिती, नेमका सल्ला आणि गरज पडली तरच तज्ज्ञांचे उपचार. पुष्कळांचं पहिल्या दोहोंवरच भागतं. कॅन्सर संबंधातून जोडीदाराला लागत नाही. बाहेरून दिलेले किरण अंगात राहत नाहीत. केमोथेरपी चालू असताना निरोध वापरावा, दिवस राहू देऊ नयेत. मूल हवं असलेल्या तरुणाला वीर्य गोठवून ठेवता येतं, हे केमोथेरपीआधीच सांगायला हवं. प्रोस्टेटच्या शस्त्रक्रियेनंतर ताठरता गेली, तर त्यावरही उपाय आहेत.

गर्भाशयमुखाच्या कॅन्सरला किरणोपचार दिल्यावर योनिमार्ग आखडू शकतो, कोरडा पडतो. हे कुणी सांगितलं नाही, तर बाई दुखणं सोसते आणि नवऱ्याला वाटतं, हिचं मन उडालं. डॉक्टरांच्या सल्ल्यानं डायलेटर नावाची गुळगुळीत कांडी वापरत राहिलं, तर मार्ग मोकळा राहायला मदत होते. पुढच्या तपासण्याही सोप्या जातात. एका वर्गात परिचारिकेनं विचारलं, ‘दोन खोल्यांच्या घरात ती ठेवायची कुठं?’ प्रश्न खराच होता. धुऊन, कोरडी करून, कापडी पिशवीत आपल्या साड्यांखाली ठेवा, एवढंही आता आम्ही सांगायला शिकवतो.