दोन निवडुंग, दोन घराणी

आज आपण धारूरच्या माळावर चाललोय, निवडुंग बघायला.

बालाघाटचा हा डोंगराळ भाग. पाऊस बेभरवशाचा, माती पातळ, ऊन मात्र रग्गड. इथं आपण ज्याला नुसतं ‘निवडुंग’ म्हणतो, ती खरं तर एकच वनस्पती नाही बरं का! एक फड्या निवडुंग, चपट्या फड्यांचा आणि लाल बोंडांचा. दुसरा त्रिधारी, खोडाला उभ्या धारा असलेला. दोघंही हिरवे, मांसल, काटेरी. म्हणून आपल्या भाषेनं दोघांना एकच नाव देऊन टाकलं.

पण नातं बघाल तर लांबचं. फड्या मूळचा अमेरिका खंडातला, कॅक्टसच्या कुळातला. गेल्या पाचशे वर्षांत जहाजानं इकडं आला. त्रिधारी आपल्याकडचाच, आणि त्याचं कूळ कोणतं? एरंडाचं! दोघांचा सामाईक पूर्वज शोधायला दहा कोटी वर्षांहून मागं जावं लागतं.

मग दिसतात सारखे, ते का? कारण अडचण एकच. पानांतून पाणी उडून जातं. म्हणून दोघांचीही पानं जवळपास गेली. अन्न तयार करायचं आणि पाणी साठवायचं काम खोडानं उचललं. हवा आत घ्यायची छिद्रंही दोघं मुख्यतः रात्री उघडतात. हे कुणी ठरवून केलं नाही. ज्या रोपांनी पाणी वाचवलं ती जगली, त्यांचंच बी पुढं गेलं. लाखो वर्षं हेच चाललं. याला म्हणतात अभिसारी उत्क्रांती.

आता ओळखायचं कसं? काटे बघा. फड्याचे काटे झुबक्यानं येतात, त्रिधारीचे जोडीजोडीनं. हे कळणं कामाचं आहे. फड्याचं पिकलेलं बोंड बारीक कुसं काढून खातात. त्रिधारी तुटला की पांढरा चीक येतो, तो कातडीला भाजतो आणि डोळ्याला इजा करतो. डोळ्यात गेलाच तर लगेच भरपूर पाण्यानं धुवा आणि दवाखाना गाठा. नुसतं तपासायला म्हणून फांदी मोडू नका.

आणि एक गंमत. 1795 मध्ये लाल रंगाच्या धंद्यासाठी इंग्रजांच्या काळात एक किडा भारतात आणला गेला. रंग काही चांगला निघाला नाही, पण त्या किड्यानं कॅक्टसची रानं फस्त केली. त्रिधारीच्या कुळाला मात्र तो शिवत नाही. आपण रूपाला फसलो, किडा नाही फसला!

पुढच्या वेळी माळावर गेलात की काटे मोजा, फोटो काढा. भेटू पुढच्या भागात!