पुढे पाठवण्याआधी



तुम्ही आता वाचायला शिकलात. एसटीवरची पाटी वाचता. फोनवर आलेला निरोपही वाचता. आम्हां शिक्षकांना याचा फार आनंद वाटतो. आज त्या निरोपांविषयीच चार शब्द बोलायचे आहेत.

पूर्वी बातमी चावडीवर यायची. सांगणारा समोर बसलेला असे. "अरे, तू हे पाहिलंस का? कुठं ऐकलंस?" असे आपण त्याला विचारत असू. खोटे सांगणारा तिथेच अडखळे. व्हॉट्सॲपवर तसे नाही. सांगणारा दिसत नाही. बोट लावले की बातमी पुढे जाते.

2018 सालची गोष्ट ऐका. पोरे पळवणारी टोळी फिरते आहे, अशी आवई फोनवरून देशभर उठली होती. एक चित्रफीतही फिरत होती. मोटारसायकलवरून दोघे येतात आणि मूल उचलून नेतात, असे तीत दिसे. ती फीत खरे तर पाकिस्तानात, कराचीत तयार झाली होती. मुलांना जपा, हे लोकांना सांगण्यासाठी ती काढली होती. शेवटी ते मूल परत आणून सोडतात. तो शेवटच कुणीतरी कापून टाकला होता.

त्या वर्षी 1 जुलैला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्याला बाजार भरला होता. नाथपंथी डवरी गोसावी समाजाची पाच माणसे तिथे भिक्षा मागायला आली होती. पोरे पळवणारे हेच, असे समजून जमावाने त्यांना मारले. पाचही जणांचा जीव गेला. त्यांनी कुणाचेही मूल पळवले नव्हते.

आवई पुढे पाठवणाऱ्या पुष्कळांनी काठी उचलली नव्हती. लोकांनी सावध व्हावे, एवढेच त्यांच्या मनात असेल. पण "आम्ही नुसतं पुढं पाठवलं," असे म्हणून सुटता येईल का? त्याच महिन्यात कंपनीने आपल्या देशात एक निरोप एका वेळी पाचच ठिकाणी पाठवता येईल, अशी मर्यादा जाहीर केली. पण पाच जणांनी पाच-पाच जणांना पाठवले, तरी पंचवीस होतात.

मग आपण काय करावे? निरोपाच्या वर बाण दिसला, तर तो दुसऱ्याचा आहे, असे समजावे. दोन बाण असले, तर तो पुष्कळ हातांतून फिरलेला आहे. तिथे थांबावे. "दादा, हे तुम्ही स्वतः पाहिलं का?" असे विचारावे. गाव नाही, तारीख नाही, तर पाठवू नये. भीतीची बातमी असेल, तर पोलीस पाटलांना विचारावे. नाहीतर 112 वर फोन करावा. चुकीचे काही गेलेच, तर त्याच गटात "ही बातमी खोटी आहे" असे लिहावे. त्यात कमीपणा नाही.

बचत गटाच्या भगिनी फोनवरून पापड-लोणची विकतात. त्यांनीही खरे तेच सांगावे. दुसऱ्याच्या मालाचा फोटो आपला म्हणून लावू नये. भजनी मंडळाच्या गटात रोज जाहिरात टाकू नये. गिऱ्हाइकाने तक्रार लिहिली, तर ती पुसू नये. नीट उत्तर द्यावे. गिऱ्हाईक टिकते ते विश्वासावर.

आज घरी गेल्यावर फोन उघडा. दोन बाणांचा एक निरोप शोधा. तो हळूहळू, पुरता वाचा. तो खरा कशावरून, ते उद्या वर्गात सांगा.