मुखपृष्ठावरची बाई



पुस्तकाच्या दुकानात माणूस आधी मुखपृष्ठ बघतो, मग पुस्तक उलटून मलपृष्ठ वाचतो आणि शेवटी हळूच किंमत बघतो. म्हणून आम्हा प्रकाशकांचा निम्मा जीव मुखपृष्ठात अडकलेला असतो. आज अशाच एका मुखपृष्ठाची हकीकत सांगणार आहे. त्यात चूक माझी होती, हे आधीच सांगून टाकतो.

काही वर्षांपूर्वी आम्ही नवऱ्यांनी टाकलेल्या बायकांच्या मुलाखतींचं पुस्तक काढलं. लेखिकेला मुखपृष्ठावर चित्र नको होतं, खराखुरा चेहरा हवा होता. एका हौशी छायाचित्रकाराच्या संग्रहात तो सापडला. एस.टी. स्टँडच्या बाकावर बसलेली एक बाई, मांडीवर पिशवी, नजर रस्त्याकडे. बघताक्षणी आम्ही म्हणालो, ‘हाच!’ छायाचित्रकाराला मानधन दिलं, लेखी परवानगी घेतली, त्याचं नाव छापलं. कागदोपत्री सगळं चोख.

तीन महिन्यांनी एक मुलगी आमच्या कचेरीत आली. पुस्तक टेबलावर ठेवून म्हणाली, ‘काका, ही माझी आई. तिला कुणी टाकलेलं नाही. ती कामावरून परतायची तेव्हा बाबा रोज तिला सायकलवर न्यायला यायचे. ती त्यांचीच वाट बघतेय. बाबा दोन वर्षांपूर्वी गेले. आता लोक आईला नको ते विचारतात.’

मी काय बोलणार? परवानगीचा कागद माझ्या फायलीत होता, पण तो तिला दाखवायची माझी छाती झाली नाही.

त्या रात्री मी १९५७ चा प्रताधिकार कायदा पुन्हा उघडला. चित्राचा हक्क सामान्यतः चित्रकाराचा असतो आणि त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं तो वारसांकडे राहतो. राजा रविवर्मा १९०६ साली गेले, त्यांची चित्रं आज कुणीही छापावीत. पण दीनानाथ दलाल गेले १९७१ साली. त्यांच्या चित्रांचा हक्क २०३१ अखेरपर्यंत शाबूत आहे. २०१२ च्या दुरुस्तीनंतर छायाचित्रांनाही हाच हिशेब लागू झाला. ‘इंटरनेटवर सापडलं’ म्हणजे ‘फुकट मिळालं’ असं मुळीच नाही.

आणखी एक गंमत. आपण पैसे मोजून स्टुडिओत फोटो काढून घेतला आणि वेगळा करार केलेला नसला, तर त्याचा पहिला हक्कदार आपण असतो, स्टुडिओवाला नव्हे. पण फोटोखाली छायाचित्रकाराचं नाव द्यायला विसरू नये. कलाकृती कुणाची हे सांगण्याचा हक्क, ती विकल्यावरही, ती घडवणाऱ्याकडेच राहतो.

परवानगी घ्यायची ती लेखीच. कोणत्या पुस्तकासाठी, किती आवृत्त्यांसाठी, किती वर्षं, अनुवादाला आणि ई-बुकला चालेल का, जाहिरातीत वापरू का, चित्र कापलं तर चालेल का, हे सगळं त्यात लिहावं. मुदत लिहिली नाही तर कायदा ती पाच वर्षांची धरतो आणि प्रदेश लिहिला नाही तर भारतापुरती. पाच वर्षांनी दुसरी आवृत्ती काढणारा प्रकाशक इथेच फसतो.

हे सारं मी पाळलं होतं. तरी चुकलो. कारण हा कायदा फोटो काढणाऱ्याचा हक्क सांभाळतो, फोटोतल्या माणसाची संमती हा त्याचा विषयच नाही. खासगीपणा, बदनामी यांचे नियम वेगळे आहेत. पण ती बाई कोण, ती कशासाठी बसली आहे, हे विचारायला कायदा कशाला हवा होता? शीर्षक आणि चेहरा शेजारी छापले की वाचक त्यांचं नातं जोडतो. ते खोटं नातं मी जोडून दिलं होतं.

शिल्लक प्रती परत मागवल्या. मुखपृष्ठं काढून साधी, अक्षरांची नवी चढवली. त्या वर्षीचा आमचा नफा त्यात गेला. विकलेल्या प्रती मात्र परत आणता आल्या नाहीत, ती टोचणी अजून आहे. मग मी आणि लेखिका त्या बाईंच्या घरी माफी मागायला गेलो. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, चहा केला. निघताना म्हणाल्या, ‘फोटो मात्र छान आलाय हो. मोठा करून मिळेल का? ह्यांच्या फोटोशेजारी लावीन.’

मी छायाचित्रकाराला विचारलं. त्याने स्वतः मोठी प्रत काढून, चौकट करून त्यांच्या घरी नेऊन दिली.

आता आमच्याकडे मुखपृष्ठाच्या फायलीत दोन कागद असतात. एक छायाचित्रकाराच्या सहीचा आणि दुसरा, फोटोत माणूस असेल तर, त्या माणसाच्या सहीचा. सही घेण्याआधी पुस्तकाचं नाव आणि विषय त्याला वाचून दाखवतो. काही जण नाही म्हणतात. मग आम्ही दुसरं चित्र शोधतो.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)